दिवाळीचा डबा कुणी मोजायचा?

एका दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या गादीखाली चॉकलेटचे चौदा रिकामे कागद सापडले. मुलगा तेरा वर्षांचा. 'रोज दोनच' हा नियम माझा होता आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवणारीही मीच. त्याने चौदा चॉकलेटं खाल्ली याचं मला फारसं काही वाटलं नाही. ती त्याला दिवा बंद करून, पांघरुणात खावी लागली, याचं फार वाटलं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. चार वर्षांच्या मुलाच्या हातात आपण लाडू अर्धा करून देतो आणि विषय संपतो. पण अकरा, तेरा, पंधरा वर्षांच्या मुलांचं काय? त्यांना सणासुदीत 'पुरे आता' म्हणावं की नाही?

हल्ली हा प्रश्न घराघरांत निघतो, त्याला एक कारणही आहे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या सगळ्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. दिवसाला किती साखर चालेल, रोजच्या खाण्यात ती किती असते, जास्त झाली तर काय होतं, हे मुलांना दिसेल असं फळ्यावर मांडायचं. त्या परिपत्रकात म्हटलं होतं की ११ ते १८ वयाच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १५ टक्के साखरेतून येतात, आणि त्या ५ टक्क्यांच्या आत असायला हव्यात. शाळेत असा तक्ता वाचणारं मूल घरी येतं तेव्हा टेबलावर मिठाईचे सहा खोके असतात. त्याने काय समजायचं?

आधी साखरेचा हिशोब

एकच तांत्रिक शब्द समजून घेऊ: 'मोकळी साखर'. कारखान्यात, स्वयंपाकघरात किंवा ताटात वरून घातलेली साखर, शिवाय मध, गूळ, पाक आणि फळांच्या रसातली साखर, ही सगळी मोकळी. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर यात धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की मोकळी साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. हे मोठ्यांना लागू आहे आणि मुलांनाही.

समजा, मुलाला दिवसाला २,००० कॅलरी लागतात. त्याचे १० टक्के म्हणजे २००. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, म्हणजे ५० ग्रॅम साखर, साधारण बारा सपाट चहाचे चमचे. ५ टक्के धरले तर सहा चमचे.

आता लक्ष्मीपूजनाचा दिवस घ्या. मध्यम बेसनाच्या लाडवात तीनेक चमचे साखर असते. करंजीत दोन, मूठभर शंकरपाळ्यांत तीन. जेवणात शंभर ग्रॅम श्रीखंड घेतलं, तर त्यात ३५ ते ४० ग्रॅम, म्हणजे नऊ-दहा चमचे. मिल्क चॉकलेटचं निम्मं वजन साखरेचंच असतं, म्हणून चाळीस ग्रॅमच्या वडीत पाच चमचे. बारा चमच्यांची मर्यादा दुपारीच मागे पडते.

पण ही मर्यादा एका दिवसासाठी नाही, सवयीसाठी आहे. वर्षाचे दिवस ३६५, दिवाळीचे पाच, फार तर फराळ संपेपर्यंतचे पंधरा. शुगर बोर्डाच्या परिपत्रकातले १५ टक्के काही दिवाळीतून आलेले नाहीत. ते येतात रोज सकाळी दुधात पडणाऱ्या दोन चमचे पावडरीतून, चहाबरोबरच्या बिस्किटांतून, क्लासवरून येताना घेतलेल्या थंड पेयातून. दिवाळीत लाडू मोजणारे आपण एरवी गुरुवारच्या संध्याकाळी बिस्किटांचा पुडा मोजत नाही. खरी मोजणी तिथे हवी.

दातांना 'किती' कळत नाही, 'कितीदा' कळतं

दातांची गोष्ट वेगळी, आणि तिथे मात्र सणाचे पंधरा दिवसही हिशोबात धरावे लागतात.

तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातावरचं कडक आवरण थोडं थोडं विरघळतं. मग लाळ येऊन आम्ल धुऊन टाकते आणि आवरणाची थोडी डागडुजीही करते. याला अर्धा ते एक तास लागतो. पुसलेल्या फरशीसारखंच हे. पाच पाहुणे चिखलाच्या पायांनी एकदम आले तर फरशी एकदाच पुसायची आणि वाळू द्यायची. तेच पाच जण अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक करत आले, तर ती दिवसभर ओलीच राहते.

हे जगाला ज्या प्रयोगातून कळलं तो सांगायला जड जातो. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या विपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर तो केला गेला. त्यांची संमती घेतलीच नव्हती. काहींना जेवणासोबत साखर दिली, काहींना दोन जेवणांच्या मधे दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या. मधल्या वेळी टॉफ्या खाणाऱ्यांचे दात अक्षरशः किडून गेले, जेवणासोबत साखर घेणाऱ्यांचे फारसे बिघडले नाहीत. तो प्रयोग व्हायला नको होता. पण त्यातून निघालेलं ज्ञान पुढे स्वीडनच्या घराघरांत पोचलं: मुलांना गोड खाऊ आठवड्यातून एकदा, शनिवारी, मनसोक्त द्यायचा. त्या प्रथेला तिथे 'लोर्दाग्सगोदिस' म्हणतात, म्हणजे शनिवारचा खाऊ.

याचा आपल्या घरातला अर्थ पुष्कळ पालकांना उलटा वाटेल. 'एक सकाळी घे, एक दुपारी, एक चार वाजता' ही मोजून दिलेली तीन चॉकलेटं दातांसाठी जेवणानंतर एकदम खाल्लेल्या तिनांपेक्षा वाईट. काटेकोर पालकच नकळत जास्त नुकसान करतो. आणि मोठ्या मुलांकडे इथे जास्त लक्ष हवं, कारण बाराव्या वर्षाच्या आसपास मागच्या नव्या कायमच्या दाढा येतात. नुकत्याच आलेल्या दाताचं आवरण पुरतं पक्कं झालेलं नसतं. चिक्की, टॉफी, दाढेच्या खाचेत बसलेला शंकरपाळ्याचा चुरा तिथे तासन् तास राहतो.

बंदी घातली की काय होतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत लिआन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी १९९९ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना एक खाऊ समोर दिसत होता, पण मिळत नव्हता. ठरावीक थोडा वेळच तो उघडायचा. परिणाम असा की मुलांचं लक्ष त्याच खाऊवर खिळलं. त्याबद्दल बोलणं वाढलं, मागणं वाढलं, आणि मिळाला तेव्हा त्यांनी तोच निवडला. खाऊ साधाच होता. बंदीमुळे त्याचं मोल वाढलं.

पुढे बर्च यांच्याच गटाने काही मुलींना पाच ते नऊ या वयात पाहिलं. पाचव्या वर्षी ज्यांच्या आयांनी खाण्यावर जास्त बंधनं घातली होती, त्या मुली नवव्या वर्षी भूक नसतानाही जास्त खाताना दिसल्या. इथे कुणीही शंका घेईल: जी मुलगी आधीच जास्त खाते, तिच्यावरच आई बंधनं घालत असेल. कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

शंका रास्त आहे. तिचं उत्तर इंग्लंडमधल्या एका प्रयोगात सापडतं. जेन ऑग्डन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये आला. ईस्टरच्या सुट्टीत तिथे मुलांना चॉकलेटची अंडी मिळतात, आपल्याकडच्या दिवाळीच्या खोक्यांसारखीच. लहान मुलांच्या पालकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने दोन आठवडे चॉकलेटवर बंधन ठेवायचं, दुसऱ्याने नाही. बंधनातल्या मुलांनी चॉकलेट कमी खाल्लं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण दोन आठवड्यांनंतर त्यांच्या डोक्यात चॉकलेट जास्त घोळत होतं.

म्हणजे मर्यादा चालते, पण तिची किंमत मोजावी लागते. लहान मुलाच्या बाबतीत ती किंमत कदाचित परवडते, कारण कपाटाची किल्ली आपल्या हातात असते. तेरा वर्षांच्या मुलाच्या खिशात दिवाळीत मिळालेले पैसे असतात, खाली दुकान असतं आणि बरोबर मित्र असतात. त्याचं पोटात जाणारं चॉकलेट आपण फारसं कमी करू शकत नाही. डोक्यातलं मात्र नक्की वाढवू शकतो. माझ्या घरी तेच झालं होतं.

मग 'खा हवं तेवढं' म्हणून सोडून द्यायचं?

नाही. मर्यादा हवीच, पण ती मुलाला नाही, डब्याला घालायची. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही विभागणी सोपी करून मांडली आहे: काय, केव्हा आणि कुठे खायचं हे पालकांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. अमेरिकेतल्या मराठी घरांत हॅलोविन (मुलं घरोघर चॉकलेटं गोळा करतात तो सण) आणि दिवाळी दोन-तीन आठवड्यांच्या आतच येतात, तिथे तर हे दोन सणांच्या खाऊला एकदम लागू पडतं.

आमच्या घरी आता असं चालतं. गोड दिवसातून दोनदा बाहेर येतं: सकाळच्या फराळाच्या ताटात, आणि दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत. ताटात लाडवाशेजारी चिवडा, चकली आणि एखादं केळं. त्या वेळी कुणी कुणाचे लाडू मोजत नाही. मधल्या वेळात डबे बंद, आणि ते मोठ्यांनाही बंद. हा शेवटचा भाग पाळणं सगळ्यात अवघड. पण बाबा रात्री अकरा वाजता फ्रीजसमोर उभे राहून काजूकतली खात असतील, तर बाकीचे नियम मुलं मानत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही.

भेट आलेल्या चॉकलेटांचं वेगळं. मोठ्या मुलाला त्याचा वाटा अख्खा त्याच्या ताब्यात द्यायचा. सांगायचं एवढंच: हे तुझं, संपलं की नवं येणार नाही, आणि खायचं ते जेवणानंतर. तो दोन दिवसांत संपवेल किंवा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवेल. दोन दिवसांत संपलं तर रागवायचं नाही आणि भरही घालायची नाही. दिवाळीच्या पैशांतून त्याने विकत आणलं तर ते त्याचे पैसे. रिकामा डबा त्याला जे सांगेल ते आपल्या शंभर वाक्यांनी सांगून होणार नाही.

आणि खरी कात्री दुकानात लावायची. पाच किलो फराळ आणि आलेले आठ खोके घरात ठेवून मुलाला 'संयम ठेव' म्हणणं अन्यायाचं आहे. आलेल्यातलं अर्धं त्याच दिवशी पुढे जाऊ द्यावं: इमारतीचे रखवालदार, कामाच्या मावशी, कार्यालय. मात्र आपल्याला नको ते द्यायचं असं नको. मुलांनाच निवडायला सांगावं, चांगलंही द्यायला सांगावं.

एका बाबतीत मी कडक आहे: साखरेची पेयं. साध्या थंड पेयात शंभर मिलीलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत बारा चमचे. लाडू खाल्ला की पोट भरल्यासारखं वाटतं, जेवण थोडं कमी जातं. प्यायलेल्या साखरेची दखल भूक जवळजवळ घेतच नाही. बारा चमचे जातात आणि जेवणही तेवढंच होतं. म्हणून ती बाटली आमच्या घरी येत नाही. बाहेर मित्रांबरोबर प्यायला, तर त्याची उलटतपासणीही होत नाही.

'पण आमचा अगदी काडीपैलवान आहे, त्याला काय होतंय?'

हे वाक्य प्रत्येक कुटुंबात ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर स्वतःच्या शरीराने दिलं आहे. २००४ मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्यातली पुष्कळ माणसं दिसायला बारीक आणि आतून स्थूल असतात. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलांत वजन जास्त असलेली सुमारे ५ टक्के होती, आणि रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली सुमारे १० टक्के. दुप्पट. त्यातली सगळीच जाड असणं शक्य नाही.

शिवाय वयात येताना शरीर इन्सुलिनला नेहमीसारखी दाद देत नाही. इन्सुलिन हा साखर पेशींपर्यंत पोचवणारा निरोप्या. तो दारावर टकटक करतो, पण या वयात घरातलं कुणी लवकर उठत नाही, त्याला पुन्हा पुन्हा टकटक करावी लागते. म्हणजे स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेक मुलांत हे तात्पुरतं असतं. पण रोजच्या साखरेची सवय जडायचं वयही हेच, म्हणून मी सणापेक्षा रोजच्या पुड्याबद्दल आग्रही आहे.

एक खूण लक्षात ठेवा. मुलाची मान किंवा काखेतली त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, तर आपण मळ समजून घासत बसतो. तो मळ नसतो. पुष्कळदा ती इन्सुलिनला दाद न देण्याची खूण असते. घासणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

'गोड खाल्लं की मुलं अंगात आल्यासारखी करतात'

असं वाटतं खरं. १९९५ मध्ये तोवरचे काटेकोर प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर असा परिणाम सापडला नाही. त्याआधी १९९४ च्या एका प्रयोगात आयांना 'मुलाला साखर दिली आहे' असं सांगितलं. दिलं होतं साखर नसलेलं पेय. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. दिवाळीत मुलं दंगा करतात ती चुलत-मामे भावंडं जमली म्हणून, पहाटे चारला उठली म्हणून, फटाके आहेत म्हणून. तो आळ लाडवावर नको.

गूळ घातला की चालतं, हाही असाच समज. गूळ चवीला सुरेख, पण हिशोबात तो साखरच. डार्क चॉकलेटमध्ये साखर सहसा कमी असते, किती कमी ते वेष्टनावर बघून ठरवावं. पाकिटाच्या मागे शंभर ग्रॅममागे एकूण साखर आणि वरून घातलेली साखर छापलेली असते. मोठ्या मुलाला तेवढं वाचायला शिकवा. त्या ग्रॅमना चारने भागलं की शंभर ग्रॅममधले चमचे निघतात, सहावीतल्या मुलाला ते सहज जमतं.

'आजी ऐकत नाही'

आजीने भरवलेल्या लाडवाला मी मर्यादेत धरत नाही, धरूही नये असं माझं मत आहे. सुट्टीत आठ दिवस आजोळी गेलेल्या मुलाच्या तब्येतीचं त्याने काही बिघडत नाही. गोव्यात गणेशचवथीला आणि नाताळातही नेवऱ्या, म्हणजे करंज्या होतात, त्या एकमेकांच्या घरी जातात. कुणी कुणाला काय पाठवलं, कुणाच्या हातचं सारण कसं होतं, हे मुलं खाता खाताच शिकतात.

नातेवाइकांचं ज्यावर ऐकू नये ते दुसरंच. 'अगं, केवढी सुटलीस!' म्हणत बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या दंडाला चिमटा काढायचा, आणि मग 'एकच घे हं' म्हणत ताट पुढे करायचं. हे प्रेमाने होत असेल, पण त्या वयात ते मनात खोल जातं. मुली जेवण टाळायला लागतात, लपून खायला लागतात, खाल्ल्याबद्दल स्वतःचा राग करायला लागतात. मुलांचंही होतं, ते बोलत नाहीत इतकंच. अशा वेळी मधे पडायचं, सगळ्यांसमोर म्हणायचं, 'मावशी, तिच्या अंगावर बोलू नका.' सणात माझ्या मते सक्त मर्यादा घालायची असेल तर ती इथे घालावी. आपणही 'आज पाप केलं, उद्या उपास' असं मुलांसमोर बोलू नये.

खरोखर मोजायची वेळ केव्हा येते

टाइप १ मधुमेह (यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असेल तर मोजणी लागतेच, पण तिथेही लाडवावर बंदी नसते. पदार्थातल्या कर्बोदकांप्रमाणे इन्सुलिनचा डोस ठरतो आणि मोठी मुलं ते स्वतः शिकतात. टाइप २ (इन्सुलिनला दाद न देण्यातून येणारा मधुमेह) किंवा त्याचा उंबरठा, यकृतावर चरबी, झपाट्याने वाढलेलं वजन, किडलेले दात, यात डॉक्टर सांगतील तसं. मूल सतत लपून खात असेल, खाऊन ओकत असेल किंवा खाणंच सोडत असेल, तर चॉकलेटचा विषय बाजूला ठेवून लवकर मदत घ्यावी.

गादीखालचे कागद सापडले त्याच्या पुढच्या दिवाळीत मी त्याच्या वाट्याचा डबा त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. पहिल्या दिवशी अकरा गेली. मी काही बोलले नाही, ते फार जड गेलं. दुसऱ्या दिवशी तीन गेली. त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लावताना त्याच्या खोलीत गेले, तेव्हा झाकण उघडं होतं आणि आत चार शिल्लक होती.

"ही कधी खाणार?" मी विचारलं.

"अगं हो, आहेत ना ती अजून," तो म्हणाला आणि वहीत मान घालून गणित पुढे सोडवत बसला.